लाइन क्लियर, सदतीस

मालवण, १७ जानेवारी २००५

बाबली,

'वेंगुर्ल्यापासून आचऱ्यापर्यंतच्या, रेल्वेने वाळीत टाकलेल्या माणसांनो' ही माझ्या भाषणाची सुरुवात तुला पाठ आहे. सात वर्षं झाली, गाड्या डोंगराच्या अंगाने जातात. किनाऱ्यावर त्यांची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. हे दुःख तुझं आणि माझं एकच होतं, म्हणून आपण माझ्या मागच्या पडवीत फळ्या ठोकल्या आणि जी लाइन कोणत्याच सरकारने घातली नाही ती आपण घातली, वीतभर खेळण्यातल्या गाड्यांची. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले. तीन टेबलं, तीन स्टेशनं, एकच रूळ.

आज मात्र मी कुणाच्या वतीने लिहीत नाही. माझ्या एकट्याच्या वतीने लिहितो. मला तुझी किळस आली आहे.

चूक केलीस म्हणून नव्हे. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, चुका तपासण्यातच माझे डोळे गेले. किळस आली ती तू पळालास त्याची. आठ दिवसांत तू तारकर्लीचं घर बंद करून दोडामार्गला लेकीकडे, आरोहीच्या सासरी, जाऊन बसलास. चौतीस वर्षं स्टेशन मास्तर होतास म्हणे. स्टेशन मास्तर अपघात झाल्यावर लेकीच्या घरी जातो काय?

तुझे नियम तुलाच वाचून दाखवतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीनला खेळ सुरू. 'खेळ' हा शब्द तुला चालत नसे, तू 'ड्युटी' म्हणायचास. भिंतीवरचं घड्याळ सहापट पळणारं. एका स्टेशनाने गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाला इंटरकॉमवरून विचारायचं, लाइन क्लियर? पुढच्याने आपल्याजवळच्या चिठ्ठीवरच्या उलटसुलट नंबरांतला पुढचा नंबर सांगायचा. कोणता नंबर येणार हे फक्त त्यालाच ठाऊक. सांगितला की चिठ्ठीवर खोडायचा, दोघांनी आपापल्या वहीत लिहायचा, मगच हिरवा. अकरा पानांची ही नियमावली तू स्वतःच्या अक्षरात लिहिलीस आणि आम्हा तिघांकडून सही करून घेतलीस, नोकरीत घेत होतास तशी.

आणि ९ जानेवारीला, पहिल्यांदाच घरात पाहुणे आले असताना, तुझ्या तारकर्लीहून कोळंबीची मालगाडी, तुझी 'सुंगटां गाडी', निघाली आणि माझ्या मालवणहून पॅसेंजर निघाली. कोठीच्या खोलीत, जिथे रूळ भिंतीतल्या भोकातून जातो आणि कुणालाच दिसत नाही, तिथे दोन्ही समोरासमोर आदळल्या. पॅसेंजरचं इंजिन फळीवरून उडून यशोदेच्या कोकमाच्या आगळाच्या बरणीत पडलं. अजून त्याला आंबट वास येतो. दोन डबे, जे तू डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून महिनाभर घासत बसला होतास, ते चेपले.

मी तुला विचारलं, "बाबली, लाइन क्लियर घेतल्याशिवाय गाडी सोडलीस?"

तू म्हणालास, "घेतली. सदतीस."

"माझ्या वहीत सदतीस नाही."

"तुझ्या वयेत नसात. माझ्या वयेत आसा."

पाहुणे म्हणजे पतपेढीचे अध्यक्षसाहेब, गळ्यात शाल, बाजूला फोटोवाला. ते हसले. म्हणाले, "बघा, म्हणूनच रेल्वे आपल्याकडे येत नाही." सगळे हसले. तू चष्मा काढलास, डबीत ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलास. वेंगुर्ल्याच्या टेबलावरून गुरुदासने हाक मारली तरी वळून बघितलं नाहीस.

मला एकच ओळ हवी आहे. 'माझी चूक झाली' एवढी लिहून पाठव. मग मी सगळ्यांना सांगतो की बाबलीने मान्य केलं, विषय संपला.

दत्ता


मालवण, ४ फेब्रुवारी २००५

बाबली,

तुझं उत्तर नाही. ठीक.

तुला इथली बातमी लागत नसेल म्हणून लिहितो. या गावाची मला शिसारी आली आहे. पन्नास वर्षं मी या लोकांना पुस्तकं वाचा म्हणून ओरडतो आहे आणि यांच्या तोंडाला काय लागलं तर कोठीतली धडक. टेम्पोवाला धोंडू स्टँडवर गाडी मागे घेताना ओरडतो, "सरा, सरा, बाबली मास्तर लाइन क्लियर दिता हा!" लोक चहाचे कप खाली ठेवून हसतात. मासळीबाजारात काशीबाईने काल माझ्यासमोर शेजारणीला सांगितलं, "त्या बाबलीच्या घराक एकच टोपली धाड गो. दोन धाडलंस तर तो एकामेकार आपटीत."

मी तिला म्हटलं, "काशीबाई, तुम्हाला शोभत नाही."

ती म्हणाली, "माका कित्याक सांगतास मास्तरांनू? तुमीच सांगलात ना सगळ्यांसमोर?"

मी बांगडे न घेता परत आलो.

परवा शेवंतीवहिनी येऊन गेल्या. मला वाटलं होतं घर बंद आहे, पण त्या नारळ काढायला तारकर्लीत आल्या होत्या. तुझ्या टेबलाच्या कपाटाची किल्ली द्यायला आल्या. बसल्या नाहीत. यशोदेने चहा ठेवला तर म्हणाल्या, "नको गो, एसटी चुकात."

मी विचारलं, "बाबली कसा आहे?"

"बरे आसत. रबराच्या बागेत जावन बसतत. जेवक हाक मारूची लागता." मग दारात थांबून म्हणाल्या, "चौतीस वर्सां नोकरी केली त्येंनी. एक मेमो नाय. जावयाक अभिमान होतो. आता व्याही इचारतत, मास्तर, रेल्वेतसून तुमका काढलेला काय? मास्तरांनू, तुमचो खेळ होतो. त्येंचो जल्म होतो."

मी किल्ली तुझ्या टेबलावर नेऊन ठेवली.

आता एक गोष्ट. सांगणं माझं कर्तव्य आहे, त्यातून तू काही भलताच अर्थ काढू नयेस. ९ तारखेला मी जो झब्बा घातला होता तो यशोदेने भिजवला तेव्हा खिशात मालवणची नंबरांची चिठ्ठी निघाली. तिच्यावर सदतीस खोडलेला आहे. यशोदेने ती उंबऱ्यावर वाळत ठेवली, वर पाट ठेवला, आणि मला म्हणाली, "बघा हां, उडात."

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. मी घाईत दोन नंबर एकदम खोडले असतील. तू अंदाजाने सदतीस म्हटलं असशील आणि तो बरोबर निघाला असेल. शंभरात एकदा असं होऊ शकतं. मी हे कायद्याच्या भाषेत सांगतो आहे.

पत्र लांबलं. तुझी एक ओळ अजून आलेली नाही, पण आता तिची घाई नाही.

दत्ता


मालवण, १६ फेब्रुवारी २००५

बाबली,

सदतीस नंबर मी दिला.

ही ओळ लिहायला मला बारा दिवस लागले. आता बाकीचं एका दमात लिहितो, कारण थांबलो की मी वाक्यं सजवायला लागतो आणि ती सजवलेली वाक्यं बघून मला माझीच घाण वाटते.

पाहुणे साडेतीनला यायचे होते, सव्वाचारला आले. तोवर ड्युटी सुरळीत चालू होती. तू इंटरकॉमवर म्हणालास, "मालवण, सुंगटां गाडीक लाइन क्लियर?" मी चिठ्ठी पाहिली, म्हटलं, "लाइन क्लियर, सदतीस." खोडला. वही उघडली, पेन उचललं, आणि बाहेर पाहुण्यांच्या मोटारीचा हॉर्न वाजला. चिठ्ठी खिशात गेली, वही उघडीच राहिली आणि मी अंगणात गेलो.

तिथून पुढे मी स्टेशन मास्तर नव्हतो. वक्ता होतो. मी त्यांना पडवीत आणलं आणि उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोललो. या किनाऱ्यावर झालेला अन्याय, नकाशावरची ती रेघ, आपलं मेलेलं बंदर. चांगलं बोललो. ते तुलाही आवडलं असतं, पण तू तुझ्या टेबलावर कान इंटरकॉमला लावून बसला होतास, कारण डबे जोडून तुझी गाडी नुकतीच सुटली होती आणि ती मालवणला पोचल्याचा निरोप तुला यायचा होता. तो निरोप देणं माझं काम होतं.

मग फोटोवाला म्हणाला, "साहेबांच्या हातात काहीतरी द्या." ठरलेलं काहीच नव्हतं. मी माझी हिरवी झेंडी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "मालवण स्टेशनवरून पहिली गाडी आज आपल्या हस्ते सुटेल." पहिली गाडी. आपण दोन वर्षं, बाबली, दर महिन्याला तिथून गाड्या सोडतो आहोत. त्यांचा हात वर गेला, फ्लॅश उडाला, मी बटण दाबलं. मी तुला विचारलं नाही. नियमावली माझ्या हाताखाली होती, तिच्यावर नारळ ठेवला होता.

गाडी भिंतीच्या भोकात शिरली तेव्हा माझ्या लक्षात आलं. बटण सोडायला वेळ होता. एक श्वासभर होता. पण साहेब टाळ्या वाजवत होते आणि गाडी थांबवली असती तर कारण सांगावं लागलं असतं.

आवाज आला. कोठीतून आगळ सांडल्याचा वास आला. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी, ज्याने आयुष्यभर या जिल्ह्याच्या व्यासपीठांवरून सत्याच्या गोष्टी केल्या, त्या मी तुझ्याकडे बोट दाखवलं.

तू 'सदतीस' म्हणालास तेव्हा माझा हात खिशावर गेला. कागद बोटांना लागला. मला ठाऊक होतं. पहिल्या पत्रात तुला पळपुटा म्हणालो तेव्हा ठाऊक होतं, दुसऱ्या पत्रात शंभरातून एकदाचा हिशेब मांडला तेव्हाही ठाऊक होतं. तो नंबर माझ्याशिवाय कुणालाच माहीत असू शकत नव्हता. तुझ्या नियमाचं सगळं शहाणपण त्यातच तर आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझी पुतणी अक्षया, जी तुझी मालगाडी चालवत होती, ती तेव्हा म्हणाली होती, "काका, तुमीच सदतीस म्हणालात. मी ऐकलंय." मी तिला म्हटलं, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको." तू चष्मा काढत होतास. तू ते ऐकलंस. त्यानंतर तू निघालास. मी हे सव्वा महिना स्वतःला सांगत होतो की तू लाजून गेलास. तू लाजून गेला नाहीस. ज्या घरात खरं ऐकणाऱ्या पोरीला गप्प बसवतात तिथे तुला बसायचं नव्हतं.

या रविवारी वाचनालयाच्या वार्षिक सभेत माझं भाषण आहे. सगळा गाव असतो. मी तिथे सगळं सांगणार आहे. तुझं नाव धुऊन निघेल.

दत्ता


मालवण, २ मार्च २००५

बाबली,

तुझं नाव धुऊन निघालं नाही. मी धुऊन निघालो. हे कसं झालं ते सांगतो, आणि यापेक्षा ओंगळ गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही.

२० तारखेला मी उभा राहिलो. विषय होता वाचन आणि विवेक. अर्ध्या भाषणानंतर मी सगळं सांगितलं. झेंडी, चिठ्ठी, खिसा. काही लपवलं नाही. पण बाबली, मला बोलता येतं. हाच माझा रोग आहे. चिठ्ठीपाशी आलो तेव्हा माझा आवाज आपोआप खाली गेला. खिशावर हात ठेवून मी थांबलो, जितकं थांबायला हवं तितकंच. समोरच्या रांगेत डोळ्यांना पदर लागले. शेवटी मी म्हटलं, "अपराधी तुमच्यासमोर उभा आहे," आणि टाळ्या पडल्या. पडतच राहिल्या. अध्यक्षसाहेब, तेच, उठून आले आणि तीच शाल माझ्या खांद्यावर घातली. म्हणाले, "चूक कबूल करायला मोठं मन लागतं. असे मास्तर आता राहिले नाहीत."

मी ती शाल घेतली. नाकारायचं सुचलं नाही. अंगावर घेऊन घरी चालत आलो.

चार दिवसांनी पेपरात आलं. 'वक्त्याचा प्रांजळपणा, श्रोते भारावले.' माझा फोटो. मजकुरात तुझं नाव नाही, 'एक सहकारी' असं आहे. आणि धोंडू? धोंडू अजून तसाच ओरडतो. मी त्याला थांबवलं, म्हटलं, "अरे, चूक माझी होती, मी सगळ्या गावाला सांगितलं." तो म्हणाला, "आयकलंय ना मास्तरांनू, काय भाषण केलात, माझी बायल रडली. पण ह्या आपला मस्करीक." सरा, सरा, पुन्हा तेच.

घरी शाल खुंटीला लावली. यशोदा भाजी चिरत होती. मी विचारलं, "तुला काय वाटलं?"

"बरा बोललात."

"एवढंच?"

विळी आडवी करून ती म्हणाली, "बाबली भावोजी खंय होते थंय?"

"तो दोडामार्गला आहे, तुला माहीत नाही?"

"तेच इचारतंय. ज्येची चोरी केलात तेका सोडून सगळ्या गावाक परत दिलात."

रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते स्वच्छ होतं. मी भाषण केलं, माफी मागितली नाही. माझ्या तोंडून जे निघतं त्याचं भाषणच होतं. ही चार पत्रंसुद्धा वाचून बघ, पहिल्यात मी तुझ्यावर ओरडलो, तिसऱ्यात स्वतःवर, आणि दोन्हीकडे मला माझा आवाज आवडला. म्हणून आता मला बोलून चालणार नाही. तुला काहीतरी करावं लागेल. मी केलेलं तू निस्तरावंस हे मागणंही निर्लज्ज आहे, पण दुसरा रस्ता मला दिसत नाही.

एकदा तू तुझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगितला होतास, आपण डबे रंगवत होतो तेव्हा. घाटापलीकडच्या स्टेशनावर तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा मास्तर होता, तुला ज्याने काम शिकवलं तो. एका संध्याकाळी तो लाइन क्लियर न घेता गाडी सोडायला निघाला. तू सत्तावीस वर्षांचा. तू त्याला म्हणालास, "उठा," आणि तो उठला. त्याच्या हातून किल्ल्या घेतल्यास, त्याच्या खुर्चीत बसलास, मग वरिष्ठांना कळवलंस. मी विचारलं, "भांडण झालं नाही?" तू ब्रश पुसत म्हणालास, "भांडण कित्याक? रुळार एकाच बाजून गाडी जाता. मास्तर तर शाणो होतो, तेका ह्या ठावक होता."

ते ऐकून मी त्यावर एक भाषण केलं होतं, वेंगुर्ल्याला. छान झालं होतं. तुझं नाव तेव्हाही घेतलं नव्हतं.

तर हे सगळं मी मांडून ठेवलं आहे. गुरुदासने वायरी तपासल्या. इंजिन तीनदा धुतलं, वास जात नाही. चेपलेले दोन डबे मी ठोकून सरळ केले नाहीत, तसेच ठेवले आहेत. अक्षयाच्या घरी जाऊन तिला बोलावलं. ती येते म्हणाली, पण तू येणार असशील तरच. काशीबाई आणि धोंडू दोघांना सांगितलं आहे. काशीबाई म्हणाली, "चाय असात तर येतंय, पण माका पुस्तकातला काय सांगू नकात." मी म्हटलं, काही सांगणार नाही. अध्यक्षसाहेबांनाही बोलावलं आहे. फोटोवाल्याला नाही.

मी एक शब्द बोलणार नाही. तू काही विचारलंस तर हो किंवा नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, त्यानंतर घरात चहा घ्यायचा नसेल तर घेऊ नकोस, लगेच दोडामार्गची एसटी धर. दोस्ती परत मागण्याचा माझा हक्क संपला आहे, तो मी या पत्रात घुसडत नाही. पण स्टेशन मास्तर कोण होता आणि कोण नव्हता हे या गावाने माझ्या तोंडून ऐकण्याऐवजी तुझ्या हातून बघायला हवं.

रविवारी, १३ मार्चला, दुपारी तीन वाजता ये. मी मालवणच्या टेबलावर बसलेला असेन. सगळ्यांच्या देखत मला तिथून उठव.

दत्ता